पाखरं राखताना

आमच्या माणदेशात बोलायची एक तऱ्हा आहे. शेरडं राखायची म्हणजे शेरडं जपायची, घर राखायचं म्हणजे घर सांभाळायचं. पण पाखरं राखायला जातो म्हटलं, की पाखरं हाकलायला जातो, असा अर्थ. खरं तर राखायचं असतं रान. बोलताना रान गळून पडतं आणि पाखरंच राहतात. मी आठ वर्षांचा असताना अण्णांनी माझ्या हातात गोफण दिली आणि शाळूच्या रानातल्या माळ्यावर चढवलं. तेव्हापासून मी पाखरं राखतोय. आता चौसष्टी गाठली. हाकलणं मात्र मधेच कुठंतरी सुटलं.

शाळू निसवून दाणा चिकात आला, की राखणीचे दिवस सुरू व्हायचे. पौषातली थंडी, डोक्यावरनं घोंगड्याची खोळ, आणि तांबडं फुटायच्या आत माळ्यावर. पाखरू दिवस उगवताना आणि कलताना जास्त तुटून पडतं. भर दुपारी बाभळीत जाऊन बसतं. चिमण्या आणि सुगरणी थव्यानं उतरायच्या. पोपट सगळ्यांत उधळ्या, अर्धं कणीस खाणार आणि अर्धं खाली टाकणार. होले खाली सांडलेलं टिपायचे. शाळू माणसापेक्षा उंच. त्यात पाखरू दिसत नाही, ऐकू येतं. कुठल्या अंगाला काय उतरलंय ते कानानं ओळखायचं आणि तिकडं गोफण फिरवायची. शाळेत मला पाढे यायच्या आधी पाखरांचे आवाज येत होते, असं म्हटलं तरी चालेल.

एकदा गोफणगुंडा बरोबर बसला. होला होता. अण्णा खूश झाले, म्हणाले, "नेम बसला गड्याचा." मी तो होला पायाला धरून घरी आणला, आईला दाखवायला. आईनं तो हातात घेतला, त्याची मान सरळ केली आणि बांधाच्या कडेला उकरून पुरला. मला मारलं नाही, की बोलली नाही. हात धुताना एवढंच म्हणाली, "खायाला आलं हुतं रं ते. चोरी कराया न्हवं."

त्याच आईनं मला दुसऱ्या दिवशी पहाटे हलवून उठवलं आणि भाकरी बांधून राखणीला पाठवलं. पाच माणसांचं वर्षाचं पोट त्या शाळूवर होतं. पण काढणीच्या वेळी विहिरीजवळच्या कोपऱ्यातली आठ-दहा ताटं ती कापू द्यायची नाही. अण्णा दरवर्षी चिडायचे. "आधी पोरगं माळ्यावर बसवायचं, आन मग त्यांचीच पंगत मांडायची!" आईचं उत्तरही दरवर्षी तेच. "राखणीचं राखणीला, वाट्याचं वाट्याला."

१९७२ साली राखणीला जावं लागलं नाही. शाळू उगवलाच नव्हता. रेशनवर लाल मिलो मिळायचा, शाळेत सुकडी, आणि अण्णा-आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला. मला पहिल्यांदा बरं वाटलं, पहाटेचं उठायचं वाचलं म्हणून. मग एक दिवस रिकाम्या माळ्यावर सहज चढलो. कुठूनच आवाज नव्हता. मी गोफण घेऊन हाकलणार कुणाला? त्या वर्षी पाणी दोन कोसांवरनं यायचं. आई त्यातल्याच पाण्यानं ताटं विसळून ते पाणी एका फुटक्या खापरात ओतायची आणि खापर भिंतीला लावून ठेवायची. घरातल्या चिमण्या त्या खापरावर जगल्या.

घरातल्या चिमण्या म्हणजे खरोखर घरातल्याच. आमचं जुनं घर वस्तीवर होतं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, माळवदाचं. कड्यांच्या टोकाला, भिंतीच्या भोकांत, देवाच्या फोटोमागं चिमण्यांची घरटी असायची. ताटात काडी पडली तर काडी बाजूला सारून जेवायचं, एवढीच त्यांची अडचण.

१९७६ ला मी दहावी झालो. पास झालो, पण अण्णांची पाठ धरली होती, बैलं दारात उभी होती. शाळा तिथंच थांबली. पुढं नव्वदच्या सालानंतर आमच्या भागात डाळिंब आलं. रोजगार हमीतून फळबागेला पैसे मिळत होते. शाळूच्या त्याच रानात मी डाळिंब लावलं. माळा मोडला, गोफण खुंटीला गेली आणि तिच्या जागी पाठीवरचा पंप आला. आठ-दहा दिवसांनी फवारा. औषधाच्या वासानं माझं मलाच जेवण जायचं नाही. फळ लाल व्हायला लागलं, की बागेवर नायलॉनची जाळी.

त्या जाळीत पाखरं अडकायची. पाय अडकला की ती फडफडत आणखी गुंतत जायची. कारभारीण आठवड्यातनं दोनदा कात्री घेऊन जाळीखालून फिरायची आणि जिती असतील तेवढी सोडवायची. एकदा तिनं मेलेला बुलबुल आणून माझ्यासमोर धरला. चोचीत हिरवी अळी होती, अजून ओली. म्हणजे तो फळ खायला आलेला नव्हता. बागेतली अळी उचलून पिलांकडं निघाला होता. जे काम मी विकतच्या औषधानं करत होतो, ते तो फुकट करत होता. कारभारीण म्हणाली, "आता काय सांगता?"

मला सांगता आलं नाही. आणि इथं खोटं लिहायचं नाही, जाळी मी काढलीही नाही. बागेवर कर्ज होतं. जाळी निघाली ती तेल्या रोगानं बाग गेली तेव्हाच. झाडं उपटून बांधावर जाळली, जाळी गुंडाळून शेडमध्ये टाकली.

पुढं पोरगा शेती बघायला लागला. २०११ साली पावसात जुन्या घराचा एक खण बसला, म्हणून ते पाडून स्लॅबचं घर बांधलं. गिलावा, फरशी, सरकत्या काचेच्या खिडक्या. सगळी खूश होती. आई तोवर आंधळी झाली होती. काचबिंदूनं तिची नजर हळूहळू गेली होती आणि गेली ती परत येणारी नव्हती. नव्या घरात तिला पुढची खोली दिली, तिथून बाहेर यायला पायरी नको म्हणून.

आठवडाभरात एक गोष्ट सुरू झाली. रात्री एक-दोनला आई हाक मारायची, "उजाडलं का रं?"

"न्हाय आई, नीज."

तासाभरानं पुन्हा. "आता उजाडलं?"

मला वाटलं, जागा बदलली म्हणून झोप लागत नसेल. कारभारणीनं कोंबडा पाळायला सांगितला. आई म्हणाली, "कोंबडं दोनलाबी आरवतं. त्याच्यावर कुणी इस्वास ठिवावा?" मग एका सकाळी तिनंच विचारलं, "हितल्या चिमण्या कुठं गेल्या?"

तेव्हा मला उलगडलं. चिमणी अंधारात बोलत नाही. उजेड पडला की माळवदातनं चिवचिवाट व्हायचा, आणि इतकी वर्षं आईची सकाळ त्या चिवचिवाटानं होत होती. तिची नजर गेल्यावर तर तेवढाच उजेड तिच्याजवळ उरला होता. आम्ही घर बांधताना कड्यांबरोबर तोही काढून टाकला होता. स्लॅबमध्ये चिमणीला शिरायला बोटभर भोक आम्ही ठेवलं नव्हतं.

घराच्या मागं चार गुंठ्यांचं परडं होतं. पोराला म्हणालो, रान तुझं, परडं माझं. तिथं मी परत पाखरं राखायला सुरुवात केली. या खेपेला उलटी.

सुरुवातीला सगळं चुकलं. ते आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या दोन वर्षांची बचत होईल.

पहिली चूक दाण्याची. मला वाटलं, दाणे टाकले की चिमण्या येतील. रोज शेरभर बाजरी अंगणात फेकायला लागलो. आले पारवे. पंधरा दिवसांत तीस-चाळीस पारवे स्लॅबवर मुक्कामाला. त्यांच्या धसक्यानं बारकं पाखरू खाली उतरेना. रात्री सांडलेल्या दाण्याला उंदीर आले, आणि उंदरांमागं धामण. सूनबाई धुणं वाळत घालायला गेली आणि ओरडतच माघारी आली. धामण बिनविषारी असते हे सांगायची ती वेळ नव्हती. "मामा, पाखरं बोलवताय का साप?" तिचं काही चुकलं नव्हतं. दाणा बंद केला. आता सुगीच्या वेळी शाळूची आणि बाजरीची मूठभर कणसं बांधून वळचणीला तारेनं टांगतो, बस. कणसाला लोंबकळून दाणा काढणं चिमणीला आणि सुगरणीला जमतं, पारव्याला जमत नाही.

दुसरी चूक पाण्याची. मी घमेलं भरून ठेवलं. काठोकाठ पाणी, खोल. तिसऱ्या दिवशी त्यात चिमणीचं पिल्लू बुडून मेलेलं. घमेल्याची बाजू गुळगुळीत, त्याला वर चढता आलं नाही. मग कुंभाराकडनं पसरट परळ आणलं. दोन बोटं पाणी आणि मधे एक खडबडीत दगड. पाणी रोज बदलायचं आणि परळ नारळाच्या शेंडीनं घासायचं, नाहीतर शेवाळ धरतं आणि डासांच्या अळ्या होतात. ठेवायची जागाही दोनदा बदलली. पहिल्यांदा झुडपाला लागून ठेवलं, तर मांजर त्यातच दबा धरून बसलं. मग उघड्यावर मधोमध ठेवलं, तर शिक्रा येईल म्हणून पाखरं भितीनं येईनात. शेवटी कंबरेएवढ्या दगडी खांबावर बसवलं, झुडपापासून तीन-चार पावलांवर. मांजराला झेप जमत नाही आणि पाखराला लपायला आडोसा जवळ.

तिसरी चूक पेटीची. डाळिंबाच्या जुन्या लाकडी पेट्या मोडून मी चिमण्यांसाठी खोकी केली. हौसेनं भोक मोठं ठेवलं आणि पुढं बसायला दांडी. साळुंक्यांनी लगेच ताबा घेतला. दुसरं खोकं पश्चिमेच्या भिंतीवर लावलं, ते वैशाखात भट्टीसारखं तापायचं. त्यात कुणी गेलं नाही ते बरंच झालं. आता भोक सव्वा ते दीड इंचाचं ठेवतो, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. दांडी काढून टाकली, चिमणीला ती लागत नाही, उलट कावळ्याला पाय ठेवायला होते. आणि खोकं दहा फुटांवर, वळचणीच्या सावलीत, पूर्वेकडं तोंड करून.

एवढं करूनही चिमण्या आल्या नाहीत. बाकीची पाखरं मात्र यायला लागली होती, आणि ती मी केलेल्या गोष्टींमुळं येत नव्हती. करायच्या राहिलेल्या गोष्टींमुळं येत होती.

म्हणजे असं. परड्यात एक शेवगा वाळला होता. तो तोडायचा तोडायचा म्हणत राहून गेला. फाल्गुनात त्याच्या वाळक्या फांदीला तांबटानं चोचीनं भोक पाडायला घेतलं. ठोक-ठोक दिवसभर. मऊ, कुजायला आलेलं लाकूड त्याला लागतं. हिरव्या झाडात त्याला घर करता येत नाही. पेरूखाली पडलेला पाला झाडायचा राहिला, तर तिथं सातभाई उतरले आणि पाला उलटून किडे खायला लागले. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू माजलं होतं. त्या चिखलात दयाळ यायला लागला. कढीपत्त्याचं झाड दरवर्षी छाटायचो, ते वाढू दिलं. त्याला फुलं आली, मग काळी फळं आली आणि त्यांवर बुलबुल आणि कोकिळा. कुंपणाची बोरी काटे लागतात म्हणून काढणार होतो, त्या बोरीत होल्यानं चार काड्यांचं घरटं केलं. होल्याचं घरटं ते काय, खालून बघितलं तर अंडी दिसावीत. मी बोरीला हात लावला नाही. त्या आठ वर्षांच्या पोराचं देणं होतं.

मी माझं म्हणून लावलं ते थोडंच. उंबराची फांदी, करवंदाची कुंपणं, जास्वंद, अडुळसा. जास्वंदीवर आणि अडुळशाच्या फुलांवर शिंजीर येतो, हातभर अंतरावरनं आपल्याकडं बघत मध पितो. त्यानं वळचणीच्या तारेला घरटं टांगलं. कोळ्याची जाळी, गवत, सालीचे तुकडे, वाऱ्यानं अडकलेला केरकचरा वाटावा असं. सूनबाईनं केरसुणीनं काढायला हात वर केला, आणि आतनं चोच बाहेर आली. ती हात तसाच खाली घेऊन आली. त्या दिवसापासनं तिचं माझं जमलं.

जमलं म्हणजे वाटणी झाली. तिचं म्हणणं रास्त होतं. धुण्यावर शिट पडते, पाल्यात विंचू असतो, पोरं खेळतात. मग पुढचं अंगण तिचं. तिथं पान पडलेलं चालायचं नाही. मागचं परडं माझं, तिथं केरसुणी चालायची नाही. पाय टाकताना बूट घालायचे आणि पोरांनी हात घालायच्या आधी काठी.

फवारा परड्यात अजिबात मारायचा नाही, असं ठरवलं. पहिल्या वर्षी चवळीवर मावा आला आणि कोबीचे गड्डे अळ्यांनी चाळण केले. पोरगा म्हणाला, "दादा, ह्याला शेती म्हणत्यात व्हय?" मी म्हणालो, "शेती तुझी हाय की तिकडं." दुसऱ्या वर्षी वांग्याच्या रुंद पानांची शिवण करून शिंप्यानं घरटं केलं आणि दिवसभर त्या वाफ्यातनं किडे वेचत फिरला. पाखरांनी सगळ्या अळ्या खाल्ल्या असं मी सांगणार नाही. पाच गड्ड्यांतले दोन अजूनही जातात. पण तीन मिळतात, आणि सूनबाई ती भाजी पोरांना निर्धास्त घालते. त्यात मला एक गोष्ट बघायला मिळाली. दाणे खाणारी बरीच पाखरंसुद्धा पिलांना दाणे भरवत नाहीत. पिलांना अळ्या, किडे लागतात. औषध मारून आपण नुसता किडा मारत नाही, पिलाच्या तोंडचा घास काढतो. जाळीतल्या त्या बुलबुलानं हेच दाखवलं होतं. कळायला मला परडं करावं लागलं.

गावच्या वाचनालयात मला एकदा सलीम अलींची गोष्ट वाचायला मिळाली. एवढा मोठा पक्ष्यांचा माणूस, पण लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथनं त्यांची वाट बदलली. ते वाचून मला होल्याचं ओझं थोडं हलकं झालं. त्यांना विचारायला जागा होती. मला आई होती.

आई रोज सकाळी परड्याच्या दारात खाट टाकून बसायची. मी काम करता करता तिला सांगायचो, ती मला ओळखून दाखवायची. "ही साळुंकी. भांडतीया." "ह्यो कोतवाल." दयाळाची शीळ तिला फार आवडायची. चैत्रात तो शेवग्याच्या शेंड्यावर बसून अंधारातच सुरू व्हायचा. पण चिमणीचं विचारायचं तिनं सोडलं नव्हतं. माझी सव्वा इंची भोकांची तीन खोकी तीन वर्षं रिकामी होती.

२०१४ च्या उन्हाळ्यात पोरानं नवीन मोटार घेतली. जुन्या मोटारीच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी आईच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर होती, बंद पडून वर्ष झालेली, वायरी काढलेल्या. तिथंच नवा स्टार्टर बसवायला वायरमन आला. त्यानं पेटीचं झाकण धरलं, आणि खोलीतनं आई ओरडली, "हात लावू नगा!"

सगळे थांबले. आई म्हणाली, "चार दिस झालं, आत कायतरी चाललंया. चिमणीच हाय ती."

मी बघितलं. पेटीच्या खालच्या बाजूला वायरीसाठी पाडलेलं भोक होतं, आणि त्यातनं गवताच्या काड्या लोंबत होत्या. माझ्या खोक्यांपासून सहा फुटांवर. तीन वर्षं मापं घेऊन, रंधा मारून केलेली खोकी सोडून चिमण्यांनी गंजकी पेटी पसंत केली होती.

पोरगा चिडला. कालव्याचं पाणी सुटलं होतं, कांद्याला पाणी द्यायचं होतं, वायरमन परत कधी येईल सांगता येत नव्हतं. "आज्जे, पाखरासाठी कांदा वाळवायचा का?"

आई म्हणाली, "कांदा कशाला वाळीवतोस? दुसरी भिंत न्हाय व्हय तुझ्या घराला?"

नवा स्टार्टर पलीकडच्या भिंतीवर बसला. आठ-दहा फूट केबल जास्त लागली. तिचे पैसे मी दिले.

पुढं दहा-बारा दिवसांनी पेटीतनं बारीक आवाज यायला लागला. चिमणा-चिमणी चोचीत अळ्या घेऊन दिवसभर ये-जा करत. बऱ्याचदा ती माझ्या चवळीच्या वाफ्यातनंच निघायची. आई भिंतीला कान लावून बसायची. म्हणाली, "तीन पिल्लं हाईत."

"तुला कसं कळलं?"

"एक गप बसलं की दोन बोलत्यात."

पंधरा-सोळा दिवसांनी पिल्लं बाहेर पडली. तीन उडून बोरीवर बसली. तासाभरानं चौथं बाहेर आलं, जरा अशक्त, पेटीच्या कडेला बसून राहिलेलं. मी आईला म्हणालो, "चुकलीस. चार हाईत."

"चौथं बोलायचंच न्हाय, तर मी मोजू कशी?" आई म्हणाली.

त्या उन्हाळ्यात तिनं रात्री हाक मारायची सोडली. सकाळी उजेड पडला, पेटीतनं चिवचिव झाली, की ती आपली आपण उठून बसायची. पुढच्या वर्षी माझ्या एका खोक्यातही जोडी राहिली. आईला मी हे सांगितलं, तर म्हणाली, "पेटीत जागा झाली नसंल."

२०१६ च्या माघात आई गेली. दहाव्याला ओढ्याच्या काठाला पिंड ठेवला, तर आम्ही मागं सरतोय तोच कावळा शिवला. जमलेली माणसं म्हणाली, म्हातारीची कशात इच्छा राहिली नव्हती. असेलही. मला वाटलं, ओढा आमच्या परड्यापासून हाकेवर, कावळा ओळखीचाच असणार.

परडं अजून तसंच आहे. वाळका शेवगा मागच्या वळवाच्या पावसात पडला. त्याचं खोड मी तिथंच आडवं राहू दिलं आहे. उंबर घराएवढा झाला आणि तांबटाची बिऱ्हाडं तिकडं गेली. विहिरीच्या बाभळीला सुगरणी आल्या. लोक विचारतात, पाखरं यावीत म्हणून काय लावलं? मी सांगतो, एक कोपरा झाडायचा सोडा, एक वाळकी फांदी तोडायची सोडा, फवारा सोडा, आणि परळातलं पाणी तेवढं रोज बदला. ऐकणाऱ्याला ते फार कमी वाटतं. पण माणसाला हात आवरणं हेच जड जातं, हे मी माझ्यावरनं सांगतो.

गेल्या वर्षी तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यातला दाब मोजला आणि विचारलं, "आईवडिलांना कुणाला काचबिंदू होता का?" मी होय म्हणालो. हा आजार घराण्यात उतरतो, लवकर सापडला हे बरं झालं, असं ते म्हणाले. आता रोज रात्री दोन्ही डोळ्यांत थेंब घालतो. थेंब चुकवायचे नाहीत. आईच्या वेळी आम्हाला कळायला फार उशीर झाला होता. नजर अजून चांगली आहे.

पण पहाटे जाग आली, की मी डोळे उघडत नाही. पडल्या पडल्या ऐकतो. आधी कोतवाल, अंधारातच. मग चैत्र असेल तर दयाळ. मग बुलबुल, आणि लांबनं कुणाचा तरी कोंबडा, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि सगळ्यांत शेवटी भिंतीवरच्या गंजक्या पेटीतनं एक चिमणी, मग दुसरी. तेव्हा म्हणायचं, उजाडलं.

कारभारीण कुशीवर वळून विचारते, "अवं, जागं हायसा?"

"पाखरं राखतोय."

"राखा. पण उठून आधी परळातलं पाणी बदला."